सारसाचं लाल डोकं

गोंदिया जिल्ह्यात सारस धानाच्या बांधीतही घरटं करतो. गणनेच्या काळात पक्षीमित्र त्याचे फोटो आणतात आणि ते तपासण्यासाठी मी पायथनमध्ये, टीकिंटर वापरून, डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहितो.

6000 बाय 4000 पिक्सेलचा फोटो डिस्कवर काही एमबीचाच असतो. उघडला की मेमरीत 7 कोटी 20 लाख बाइट अडवतो. खिडकीत जागा मात्र 900 बाय 600ची. म्हणून लहान प्रत मेमरीतच करायची आणि तिथूनच दाखवायची. उजेडाची पट्टी सरकवली की दर वेळी नवी प्रत तयार होते. ती आधी फाइलमध्ये लिहून मग परत वाचणं मला मुळीच पटत नाही. वेळ जातो तो जातोच, शिवाय घरट्याच्या फोटोच्या प्रती कुठल्या तरी फोल्डरात पडून राहतात. घरटं जपायचं तर त्याचे फोटोही जपायला हवेत.

नवशिक्याला इथे एक गोष्ट हमखास छळते. कोड बरोबर, एररही नाही, तरी चौकट रिकामी! टीकिंटरच्या लेबलजवळ, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या चौकटीजवळ, चित्राचं फक्त नाव असतं. माल नाही, नुसती बिल्टी. फंक्शन संपलं की चित्राला धरून ठेवणारं कुणी उरत नाही आणि पायथन ते मोकळं करून टाकतं. चौकटीचं माप तेवढंच राहतं, आत काही नसतं. उपाय एका ओळीचा: चित्र लेबलच्याच एखाद्या गुणधर्मात बांधून ठेवायचं. पुढचा फोटो आला की जुना सोडायचाही, नाहीतर असे शंभर मूळ फोटो मेमरीत साचले की 7 जीबी गेलेच.

रंगांचा घोळ याहून फसवा. फोटो वाचणारी ओपनसीव्ही लायब्ररी निळा, हिरवा, लाल या क्रमानं रंग ठेवते. पिलो ही दुसरी लायब्ररी लाल आधी धरते. क्रम फिरवला नाही तर लाल आणि निळा जागा बदलतात. पण बांधीतल्या सारसाच्या फोटोत हे चटकन कळत नाही. हिरवा मधला, म्हणून धान हिरवंच राहतं. राखाडीत तिन्ही रंग जवळपास सारखे, म्हणून अंगही तसंच दिसतं. निळं होतं ते मुख्यतः डोकं आणि मानेचा वरचा भाग! प्रौढ सारसाचं डोकं लाल, पिल्लाचं बदामी. मोजणारा दोघांना वेगळं लिहितो तो या रंगावरूनही. म्हणून क्रम फिरवायची ओळ मी फोटो वाचल्या वाचल्याच लिहितो, दाखवायच्या वेळेपर्यंत थांबत नाही.