काचेचा गाभा

सिडकोत आमच्या गल्लीतल्या खोदकामात इंटरनेटची फायबर तुटली. जोडायला आलेल्या मुलाने वरचं आवरण सोललं, काच स्पिरिटने पुसली आणि दोन्ही टोकं यंत्रात ठेवली. छोट्या पडद्यावर ती खांबासारखी जाड दिसत होती. एक ठिणगी, आणि सांधा दिसेनासा झाला. उरलेला तुकडा मी उचलायला गेलो, तर म्हणाला, "काका, हात नका लावू, काच बोटात शिरते."

तेव्हापासून ती काच मनातून जात नाही. जाडी १२५ मायक्रॉन. प्रकाश जातो तो त्यातल्याही नऊएक मायक्रॉनच्या गाभ्यातून. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं, की प्रकाश गिळते ती काचेतली अशुद्धी. किलोमीटरभर गेल्यावर १ टक्का उरला तरी संदेशवहन जमेल. तेव्हाच्या काचेत तेवढाही उरत नव्हता. काओ कंपन्यांना पटवत हिंडले. १९७० मध्ये कॉर्निंगने तशी काच करून दाखवली. आज ९५ टक्के उरतो.

मधल्या त्या चार वर्षांबद्दल मला फार जिव्हाळा वाटतो. निबंध छापून झालेला, तशी फायबर अजून कुठेच नाही.

आणि आता ती आपल्या शहराच्या वेशीवर तयार होते. स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे कारखाने शेंद्र्याला आणि वाळूजला आहेत. काचेचा दांडा सुमारे २००० अंशांवर तापवून त्याची तार ओढतात. माझी भाची इथल्याच विद्यापीठात लेसरवर प्रबंध लिहितेय. शेंद्र्याला कधी गेलीस का, हे तिला विचारायचं राहूनच गेलंय.