तेरावा

चित्रपट संपला. पडद्यावर नावे सरकत होती, तोच मीनूने विचारले, "बाबा, पाचांपैकी किती तारे?"

हल्लीच्या मुलांची ही सवय मला मोठी मौजेची वाटते. पाणीपुरी असो, दवाखाना असो की चित्रपट असो, सगळ्यांना तारे! मी म्हटले, "थांब जरा, विचार करू दे." आणि खरोखरच विचारात पडलो. कारण आम्ही पाहिला होता तो एका खुनी इसमाच्या कथेचा चक्क तेरावा भाग होता.

पहिला 'हॅलोवीन' १९७८ सालचा. ३१ ऑक्टोबरच्या रात्री अमेरिकेत पोरे मुखवटे चढवून दारोदार खाऊ मागत हिंडतात. त्या रात्री हॅडनफील्ड नावाच्या कल्पित गावात मायकेल मायर्स हा तोंडातून अवाक्षर न काढणारा माणूस सुरा घेऊन येतो, आणि शेजारची मुले सांभाळायला बसलेली लॉरी ही शाळकरी मुलगी त्याच्या तावडीतून वाचते. बस्स, एवढीच गोष्ट. जॉन कार्पेंटर या तरुण दिग्दर्शकाने ती सुमारे तीन लाख डॉलरांत आटोपली. संगीतही स्वतःच दिले. खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानातून आणलेला 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा चेहरा. त्याला पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोके मोठी केली, झाले! व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात मी तो एका मित्राकडे पाहिला आणि घरी परतताना वाड्याच्या जिन्यात स्वतःच्याच सावलीला भ्यालो.

चाललेले दुकान कोण बंद करतो? पुढले भाग निघत गेले. मायकेलला गोळ्या घातल्या, जाळले, तरी स्वारी पुढच्या खेळाला हजर! १९९८ च्या सातव्या भागात लॉरीने कुऱ्हाडीने त्याचे शीरच उडवले. लोक म्हणाले, सुटलो. पण २००२ साली आठवा भाग सांगू लागला, की ते शीर दुसऱ्याच कुणा बिचाऱ्याचे होते! अशांच्या 'समाप्त'वर विश्वास कोण ठेवणार? शेवटी २०१८ साली मधले सगळे भाग घडलेच नाहीत असे समजून, जेमी ली कर्टिस या त्याच नटीला घेऊन, चाळीस वर्षांनंतरची गोष्ट नव्याने सुरू झाली. २०२१ साली तिचा दुसरा भाग आला आणि २०२२ साली तिसरा, 'हॅलोवीन एंड्स'. म्हणजे एकूण तेरावा.

हे तिन्ही आम्ही दिवाळीच्या सुटीत लागोपाठ तीन रात्री पाहिले. फराळाला मदत म्हणून माझी थोरली बहीण आली होती. असल्या चित्रपटांचे तिला वावडे. पण करंज्यांना मुरड घालत ती मागे बसून राहिली.

ताईची एक खोड आमच्या घरात प्रसिद्ध आहे. झोपण्यापूर्वी ती दाराची कडी तीनदा पाहते. स्वतःचे घर असो, माझे असो, की लग्नाचे कार्यालय असो, तीनदा म्हणजे तीनदा! "ताईंची गस्त निघाली," असे मी गेली चाळीसहून अधिक वर्षे म्हणत आलो आहे, आणि सारे घर हसत आले आहे. कारण सर्वांना ठाऊक आहे. आईवडील लग्नाला परगावी गेले असताना आमच्या बिऱ्हाडात चोर शिरला होता. वीस वर्षांची ताई आतल्या खोलीचे दार दोन्ही हातांनी दाबून तासभर उभी होती. चोर घंगाळ आणि दोन पातेली घेऊन गेला. सर्वांनी घंगाळाची चौकशी केली.

पहिल्या रात्रीच्या भागात लॉरी आजी झाली आहे. घराला कुलपांवर कुलपे, तळघर, बंदुका. पोटची मुलगीही तिला कंटाळून दुरावलेली. ते पाहून मागून ताई हळूच म्हणाली, "हिलाही घरात सगळे हसतात वाटतं?"

माझ्या हातातली चकली हातातच राहिली.

म्हणून तेराव्याला तारे देणे मला जड जात होते. तसे पाहिले तर त्यात दोष पुष्कळ. कोरी नावाच्या एका दुर्दैवी तरुणाचीच कथा अर्धा वेळ खाते, आणि मायकेल म्हातारा होऊन गटारात दडून बसलेला. पुष्कळ प्रेक्षक रागावले ते उगाच नव्हे. भीती वाटावी म्हणून तिकीट काढणाऱ्याला हे चित्र फसवते. पण शेवट पाहा. लॉरी त्याला संपवते, आणि मग सारे गाव जमते. त्याचे कलेवर मोटारीच्या टपावर बांधून मिरवत नेतात आणि भंगारातल्या यंत्रात घालून त्याचा चुरा करतात. अकलेला पटत नाही, मनाला पटते. इतक्या वर्षांनंतरच्या भागाला 'किती भ्यालो?' हे विचारायचेच नसते. जी वाचली तिची मधली वर्षे त्याने मोजली का, एवढेच विचारायचे. आपल्याकडे तेराव्याला सुतक संपवून गोडधोड करतात, तेही चार माणसे जमवूनच. एकटीच्या मनातले मरण एकटीने संपत नाही.

त्या रात्री ताई कडी पाहायला उठली. मी हसलो नाही. म्हटले, "ताई, त्या रात्री मी शेवटच्या खेळाला गेलो होतो. तू झोपलीस असं पाहून. कडी न लावता दार नुसतं लोटून गेलो होतो."

ती कडीवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "ठाऊक आहे. सकाळी तुझ्या सदऱ्याच्या खिशात तिकीट सापडलं होतं. बाबांनी सोलून काढलं असतं तुला."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

दोघेही थोडा वेळ गप्प होतो. मग मी पुढे होऊन कडी ओढून पाहिली. म्हटले, "लागलीय. झोप आता."

"तू पाहिलीस ना, म्हणजे मला पुन्हा पाहायला हवी!" ताई म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या कडीवरून तीही हसली.

सकाळी मीनूला सांगितले, "तीन."

"आणि दोन का कापले?"

"मधल्या तासाचे," मी म्हटले. "फार वेळ लावला बोलायला."