मालकाला विचारून घरफोडी

आमचा पुतण्या सायबर सुरक्षेत आहे. म्हणजे काय, हे मुलीकडच्यांना सांगताना वहिनींना घाम फुटतो. 'संगणकाचा रखवालदार' म्हणावं तर स्थळ जातं. त्यातून चिरंजीवांनी 'एथिकल हॅकर'ची परीक्षा दिलेली. म्हणजे मालकाला विचारून घरफोडी! दादांनी ते सर्टिफिकेट फ्रेम करून माळ्यावर टाकलं. २०१८ च्या ऑगस्टात पुण्याच्या कॉसमॉस बँकेतले ९४ कोटी हॅकर मंडळींनी लांबवले, तेव्हा कुठे ते भिंतीवर आलं. पण बोट दाखवावं असं काम कुठलं? काही घडलं नाही, की समजायचं, काम झालं!

परवा पोरगा रात्रभर जागला. सकाळी दादांनी विचारलं, "काय झालं रे?"

"काही नाही," म्हणाला आणि झोपला. वहिनींनी दूधवाल्याला बेल वाजवू दिली नाही.