आमची लाल भिंत

माझे पती रंगारी. १९८६ सालापासून त्यांनी मुंबईत दुसऱ्यांची घरे रंगवली. पण विक्रोळीच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीला कधी निवडून आणलेला रंग लागला नाही. सुरुवातीला चुन्यात नीळ घालून हात मारायचा, पुढे कामावर डब्यात उरलेला रंग घरी येऊ लागला. एक भिंत हिरवट, दुसरी मोतिया, मोरीजवळची तर तीन डबे मिसळून झालेल्या कसल्याशा रंगाची! मला पाहुण्यांसमोर लाज वाटे. हे म्हणत, "अगं, भारीतला रंग आहे!"

यंदा थोरलीला नोकरी लागली. पहिला पगार हातात आला तशी म्हणाली, "बाबा, जयंतीच्या आधी दारासमोरची भिंत गडद लाल करू." मी विरोध केला. खोली आधीच अंधारी, त्यात लाल म्हणजे गुहाच व्हायची. हे गप्प होते. मग हळूच म्हणाले, "एका बंगल्यात जेवणाची खोली मी असल्याच लाल रंगाने रंगवली होती. पाणी मागितले तर मला बाहेरच्या नळावर पाठवले. रंग मात्र फार सुंदर होता." इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी घरात काढली नव्हती. मग मी काय बोलणार!

गुडघ्यांमुळे आता शिडी चढवत नाही, म्हणून हे खुर्चीवर बसून सांगत आणि मुले करीत. जुना ऑइलपेंट कोरडा घासू दिला नाही. पूर्वीच्या रंगांत, विशेषतः लाल-पिवळ्यांत, पुष्कळदा शिसे असे. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. पण भिंतीवरचे जुने थर कुठे जातात? ती धूळ लहान मुलांना फार घातक. म्हणून नातवाला शेजारी पाठवले, भिंत पाणी मारून ओलीच घासली आणि फरशी झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसली. स्वतः यांनी मात्र तीस वर्षे तोंडाला नुसता रुमाल बांधून कोरडेच घासले. त्यांना तेव्हा कोणी सांगितले?

लांबी भरून झाल्यावर थोरली पांढरा प्रायमर मारायला निघाली, तर यांनी थांबवले. गडद लाल रंग खालचे झाकत नाही, पांढऱ्यावर चार-पाच हात द्यावे लागतात. प्रायमरमध्ये थोडा काळा स्टेनर घालून राखाडी केला तर दोन-तीन हातांत काम भागते. तरी पहिल्या हाताला भिंत अशी पट्ट्यापट्ट्यांची दिसली की मी कपाळावर हात मारला. "वाळू दे," एवढेच म्हणाले. तिसऱ्या हाताला भिंत एकसारखी झाली.

छत आणि बाकीच्या भिंती पांढऱ्याच ठेवल्या, त्यामुळे गुहा काही झाली नाही. रात्री पांढऱ्या ट्यूबखाली मात्र लाल रंग तपकिरी, मळका दिसायला लागला. चाळीस पैशांची अक्कल मीही लढवली, पिवळसर उजेडाचा एक दिवा आणवला. भिंत खुलली.

रंग पाऊण लिटर उरला आहे. मोरीजवळच्या भिंतीला लावू, असे यांचे म्हणणे. थोरलीने डबा पलंगाखाली लपवून ठेवला आहे.