स्लॅगला वेळ द्या

काँक्रीटच्या प्रयोगशाळेत माझं काम क्यूब फोडण्याचं. स्लॅग घातलेला क्यूब सातव्या दिवशी मशीनखाली फुटला की आतून निळसर हिरवा निघतो. साइटवरच्या नव्या पोरांना वाटतं, माल बिघडला. तो रंग स्लॅगमधल्या सल्फाइडचा. हवा लागली की हळूहळू उडून जातो. खरी चिंता आकड्याची असते. सात दिवसांची ताकद साध्या सिमेंटपेक्षा कमी भरते.

याचं मूळ भट्टीत आहे. स्लॅग म्हणजे वितळलेल्या लोखंडावर तरंगणारा रस. तो पाण्याच्या झोताखाली झटकन निववला तर त्याचे काचेसारखे दाणे होतात. सावकाश निवू दिला तर नुसता दगड. या दाण्यांतलं सुप्त बळ जर्मनीत एमिल लांगेन यांनी १८६२ साली ओळखलं. पण ही काच नुसत्या पाण्याला दाद देत नाही, तिला अल्कली लागते. पोर्टलंड सिमेंट भिजल्यावर चुना सुटतो, तेव्हा कुठे स्लॅग कामाला लागतो.

सुरुवातीचा वेग वाढवता येतो. दळण बारीक केलं की ताकद लवकर येते, मात्र वीज जास्त खर्च होते. कॉस्टिक सोडा किंवा सोडियम सिलिकेट वापरून सिमेंटशिवायही स्लॅग बांधता येतो. कीव्हमध्ये ग्लुखोव्स्की यांनी १९५० च्या दशकात ते करून दाखवलं. पण असा माल पटकन आवळतो आणि ती द्रावणं अंगावर उडाली तर भाजतं. रोजच्या साइटवर माझा भरवसा साध्या उपायांवरच आहे: पाणी मोजून घाला, प्लास्टिसायझरने माल सैल ठेवा आणि क्युरिंगमध्ये हात आखडू नका. मग २८ दिवसांनंतरही ताकद चढत राहते, बारीक छिद्रं बुजत जातात आणि खाऱ्या हवेतलं क्लोराइड सळईपर्यंत सहजासहजी पोचत नाही. कोकण किनाऱ्यावरच्या बांधकामाला हेच तर हवं असतं.

सिमेंटचा मूळ घटक असलेला एक टन क्लिंकर भाजताना इंधनाचा धूर सोडून निव्वळ चुनखडीतूनच अर्धा टन कार्बन डायऑक्साइड निघतो. स्लॅग सिमेंटच्या भारतीय मानकाप्रमाणे त्यात क्लिंकरच्या जागी ७० टक्क्यांपर्यंत स्लॅग चालतो. एवढी बचत हाती असताना घाईपायी ती घालवू नये. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ मिश्र सिमेंटला किमान १० दिवस, कोरड्या उन्हाळी हवेत १४ दिवस ओलावा सांगतं. तेवढे दिवस गोणपाट ओलं ठेवा आणि ५६ दिवसांचे क्यूबही जरूर टाका.