लाख व्ह्यूज झाले, हातात किती आले?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण तुमच्या घरात, भावकीत किंवा गल्लीत कुणी गाणं म्हणत असेल, ढोल वाजवत असेल, स्वतःचं गाणं काढायचं म्हणत असेल, तर शेवटपर्यंत वाचा. विषय कलेचा कमी आणि पैशाचा जास्त आहे.

म्हसवडसारख्या गावात पत्रकार असलं की आठवड्याला एक तरी मेसेज ठरलेला. "दादा, आपल्या गाण्याला एक लाख व्ह्यूज झाले, बातमी लावा." मी लावतो. आपल्या माणदेशातल्या पोराचं नाव छापून आलं तर मलाही बरंच वाटतं. पण हल्ली मी एक प्रश्न जादा विचारतो. "लाख झाले, झकास. मिळाले किती?" यावर बहुतेक वेळा हसायचा इमोजी येतो. उत्तर येत नाही.

एकानं मात्र उत्तर दिलं. नुसतं दिलं नाही, वही घेऊन आला. गजी मंडळातला पोरगा, वय पंचविशीच्या आत, गळा असा की ढोलाच्या वरनं आवाज ऐकू येतो. त्याच्या परवानगीनं आकडे देतोय, नाव देणार नाही.

रेकॉर्डिंग ९,००० रुपये. व्हिडिओ, ड्रोन, एडिटिंग धरून ३८,०००. गाणं सगळ्या ॲपवर चढवणाऱ्या वितरण कंपनीची वर्षाची फी १,५००. प्रमोशन २०,०००. एकूण ६८,५००. यातले ५०,००० आईच्या नावावर बचत गटातून उचललेले.

आता जमा. यूट्यूबवर लाखावर व्ह्यूज, पण चॅनेलचे हजार सबस्क्रायबर पूर्ण नाहीत. नियम असा आहे, की जाहिरातीतला वाटा पाहिजे तर १,००० सबस्क्रायबर हवेत आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं गेलेलं असावं, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सला १ कोटी व्ह्यूज. म्हणून यूट्यूबचे शून्य. बाकी सगळ्या ॲपवर मिळून ३८,००० प्लेज. त्याचे आले १,३४० रुपये. म्हणजे एका वेळेला गाणं वाजलं की साडेतीन पैसे.

"दादा, मला वाटलं दर ठरल्याला असंल," तो म्हणाला.

इथंच सगळ्यांची गफलत होते. दर ठरलेला नसतो. आपल्याकडं दूध डेअरी सगळ्यांना कळते, म्हणून तसंच सांगतो. डेअरीत फॅट लागली, लिटर मोजलं, की पावतीवर दर दिसतो. स्पॉटिफायसारख्या ॲपवर तसं नाही. तिथं महिनाभरात वर्गणीतनं आणि जाहिरातीतनं जे काही जमा होतं, त्यातले साधारण दोन तृतीयांश पैसे गाण्यांच्या हक्कदारांसाठी एका मोठ्या कॅनमध्ये ओततात. मग देशात एकूण किती गाणी वाजली आणि त्यात तुमचं किती वेळा वाजलं, त्या प्रमाणात वाटणी होते. तुमचं दूध तेवढंच, पण बाकीच्यांनी जास्त घातलं तर तुमचा वाटा कमी. आणि कितीचा दर पडला, हे महिना संपल्यावर कळणार.

त्यात २०२४ पासून आणखी एक अट आली आहे. मागच्या १२ महिन्यांत गाणं किमान १,००० वेळा वाजलं नसेल, तर स्पॉटिफाय त्या रेकॉर्डिंगचे पैसे देत नाही. ते पैसे अट पूर्ण करणाऱ्या बाकीच्या गाण्यांत वाटले जातात. म्हणजे डेअरीनं म्हणायचं, वर्षाला हजार लिटरच्या आत घालणाऱ्याचं दूध आम्ही घेऊ, पण त्याचे पैसे मोठ्या गोठ्यांना देऊ. आपल्याकडं असं झालं असतं तर डेअरीपुढं कॅन ओतले गेले असते.

आता जास्तीत जास्त किती मिळू शकतं, ते कागदावर काढू. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं, तेव्हा एका माणसाची वर्गणी महिना ११९ रुपये होती. अमेरिकेत त्याच वेळी जवळजवळ १० डॉलर. आपल्याकडच्या ११९ मधून जीएसटी काढला की राहतात साधारण १०१. त्यातले दोन तृतीयांश म्हणजे ६७ रुपये. पूर्ण पैसे भरणाऱ्या माणसानं दिवसाला २० गाणी ऐकली, तर महिन्याला ६००. ६७ भागिले ६००, म्हणजे एका गाण्याला ११ पैसे. त्यात रेकॉर्डिंगचा मालक, गीतकार, संगीतकार आणि मधली कंपनी, सगळेच आले. शिवाय आपल्याकडं पैसे भरून ऐकणारे थोडे, जाहिरात सोसून फुकट ऐकणारेच जास्त. त्यामुळं ११ पैशांचे साडेतीन व्हायला वेळ लागत नाही.

ही झाली कमाई. आता प्रमोशन.

समजा तुम्ही फेसबुक-इन्स्टावर जाहिरात टाकली आणि एका क्लिकला एक रुपया पडला. क्लिक करणारा प्रत्येक जण गाणं ऐकत नाही. निम्म्यांनी ऐकलं असं धरू. म्हणजे एकदा गाणं वाजवून घ्यायला दोन रुपये लागले. ते दोन रुपये वसूल व्हायला त्याच माणसानं ११ पैशांच्या हिशेबानं तेच गाणं १८ वेळा ऐकलं पाहिजे. साडेतीन पैशांच्या हिशेबानं ५७ वेळा. स्वतःच्या आईशिवाय एवढ्या वेळा कोण ऐकणार आहे, सांगा.

"आधी पैसे नकोत" असाही एक प्रकार आहे. स्पॉटिफायचा डिस्कव्हरी मोड. तुमचं गाणं ॲप जास्त लोकांपुढं सरकवतं, आणि त्या शिफारशीतनं जे प्लेज येतील त्यांच्या पैशातनं ३० टक्के कापून घेतं. खिशातनं काही जात नाही हे खरं. पण बाजार समितीत माल पुढच्या गाळ्यावर लावून द्यायची ही वेगळी अडत आहे, एवढं लक्षात ठेवा.

आणि तिसरा प्रकार, ज्यात आमचा पोरगा अडकला. व्हॉट्सॲपवर भेटलेल्या एकानं ८,००० रुपयांत "पन्नास हजार प्लेज, मोठ्या प्लेलिस्टवर" असा शब्द दिला. दोन रात्रींत आकडा वर गेला. ऐकणारे कुठले, तर ज्या शहरांत मराठीचा गंध नाही तिथले. पुढच्या महिन्यात वितरण कंपनीचा मेल आला, की हे प्लेज बनावट आहेत, त्यांचे पैसे मिळणार नाहीत. वरचे ३८,००० हे ती कापाकापी होऊन उरलेले. असली बनवाबनवी उघड दिसली, तर २०२४ पासून स्पॉटिफाय लेबलला नाहीतर वितरण कंपनीला दंड लावतं. आणि कंपन्या तो कुठनं वसूल करतात, हे सांगायची गरज नाही. प्लेलिस्टवाल्याचा नंबर बंद आहे.

आता कुणी म्हणेल, मग 'गुलाबी साडी'चं काय? संजू राठोड जळगाव जिल्ह्यातला पोरगा, २०२४ मध्ये गाणं आलं आणि कोट्यवधी लोकांनी बघितलं. अभिमानच आहे. मराठी गाणं पुण्या-मुंबईच्या बाहेरनं उठून देशभर वाजलं. पण ते त्याचं पहिलं गाणं नव्हतं, त्याच्या आधीचीही मेहनत आहे. आणि एक पीक एकरी शंभर टन निघालं म्हणून अख्ख्या तालुक्यानं कर्ज काढून तेच लावायचं नसतं. डाळिंबात आपण हे बघितलंय.

मी गाणं काढूच नका असं म्हणत नाही. या पोराच्या वहीत शेवटच्या पानावर एक ओळ होती, ती त्यानं जमेत धरलीच नव्हती. व्हिडिओ बघून त्याच्या मंडळाला चार सुपाऱ्या आल्या. दोन आटपाडी भागातल्या, एक सांगोल्याकडची, एक लग्नाच्या वरातीची. सगळ्यांत वाटून त्याच्या वाट्याला आले ११,००० रुपये. म्हणजे आठ महिने ॲपवर वाजून १,३४० आणि चार वेळा अंगावर घोंगडं घेऊन नाचून-गाऊन त्याच्या आठपट.

यातनं मला जे कळलं ते एवढंच. आपल्यासारख्या भागातल्या कलाकारासाठी गाण्याचा व्हिडिओ म्हणजे लग्नपत्रिका. पत्रिका छापावीच लागते. पण पत्रिकेवर आहेराएवढा खर्च करायचा नसतो, आणि पत्रिका विकून कुणाचं घर चालत नाही. पैसा सुपारीत आहे. मग जाहिरात करायचीच असेल तर अख्ख्या महाराष्ट्राला कशाला दाखवायची? माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत, एवढ्यातच दाखवा, आणि यात्रा ठरायच्या दिवसांत दाखवा. व्ह्यूज कमी दिसतील. दिसू देत. बघणाऱ्यात एक यात्रा कमिटीचा माणूस निघाला तरी खर्च निघतो. आपल्या म्हसवडात माणदेशी तरंग वाहिनी आहे, ९०.४ वर, २००८ पासून. तिथं आपल्याच भागातले आवाज लागतात. आधी तिथं जा.

दुसरी गोष्ट कागदाची. कुणी "गाणं वन टाइम द्या, दहा हजार घ्या" म्हणून सही मागत असेल तर घरी आणून चारदा वाचा. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. रेकॉर्डिंगचे हक्क कंपनीला दिले तरी गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा जात नाही. तो वाटा वारसाला किंवा नोंदणीकृत कॉपीराइट संस्थेलाच देता येतो, कंपनीला लिहून देता येत नाही. गीतकार-संगीतकारांसाठी ती संस्था आयपीआरएस, २०१७ मध्ये सरकारनं तिची नव्यानं नोंदणी केली. जुनी ओवी कुणाच्या मालकीची नसते, ती सगळ्यांची. पण तुम्ही पैसे घालून तिचं जे रेकॉर्डिंग केलं, ते तुमचं. म्हणून स्टुडिओची पावती तुमच्या नावावर घ्या आणि जपून ठेवा. प्लेजचा आकडा दुसऱ्याच्या घरात असतो. रेसो जानेवारी २०२४ मध्ये भारतातनं गेलं, त्याच वर्षी विंक बंद झालं. तिथले आकडे घेऊन आज कुणाच्या दारात जाणार? कागद तेवढा आपल्या ट्रंकेत राहतो.

आता ऐकणाऱ्यांसाठी. तमाशात दौलतजादा असायची. त्या प्रथेत वाईट पुष्कळ होतं, तिचं गुणगान मी करणार नाही. पण एक होतं, फडात बसलेल्या माणसाची नोट ज्याचं गाणं आवडलं त्याच्याच हातात पडायची. आज तुम्ही महिनाभर फक्त माणदेशी ओव्या ऐकल्या तरी तुमची वर्गणी त्या ओवीवाल्याकडं जात नाही. ती मोठ्या कॅनमध्ये जाते आणि ज्यांची गाणी देशभर वाजतात त्यांच्याकडं बहुतांश वळते. साउंडक्लाउड नावाच्या कंपनीनं २०२१ मध्ये छोट्या कलाकारांसाठी ऐकणाऱ्याचे पैसे त्यानं ऐकलेल्या कलाकारालाच देणारी पद्धत सुरू केली. म्हणजे हे जमतं. बाकीच्यांना जमवायचं नाही.

ते आपल्या हातात नाही. पण यात्रा आपल्या हातात आहे. मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो तेव्हा गुलालात अख्खा माणदेश न्हातो, ढोल आणि गजी त्यात असतेच. गावोगावच्या यात्रा कमिट्या डीजेला आणि बाहेरच्या ऑर्केस्ट्राला आगाऊ रक्कम मोजतात, आणि गावातल्या गजी मंडळाला म्हणतात, "आपल्याच देवाचं आहे, नारळावर करा." देवाची सेवा वेगळी आणि सुपारी वेगळी, हे कमिट्यांनी एकदा ठरवावं. जे सेवा म्हणून नाचतात त्यांना दंडवत. ज्यांना बोलावून आणता त्यांची रक्कम ठरावात लिहा, निम्मी आधी द्या, उरलेली त्याच रात्री द्या. साडेतीन पैशांचा दर बदलायला परदेशात जावं लागेल. हा दर बदलायला चावडीवरची एक बैठक पुरते.

कमेंटमध्ये आपापल्या गावच्या मंडळाचं नाव, कुठली कला आणि सुपारीला किती मिळतात, ते लिहा. कमिट्यांनी काय दिलं तेही लिहा. आकडे जमले की गाववार यादी याच पेजवर लावतो.

आणि हो, त्या पोराचे बचत गटाचे अजून सात हप्ते आहेत. ढोल पाहिजे असेल तर मला मेसेज करा, नंबर देतो. फुकट मागणाऱ्यांनी करू नका.

सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!