पिपलांत्रीची कुमारी

उदयपूरहून उत्तरेस सुमारे 65 किलोमीटरवर राजसमंद लागते. महाराणा राजसिंहांनी सतराव्या शतकात, दुष्काळाने गांजलेल्या प्रजेच्या हाताला काम मिळावे म्हणून बांधविलेला विस्तीर्ण तलाव, त्याच्या पाळेवरील संगमरवरी नौचौकी आणि जवळच्या टेकडीवर त्यांचे मंत्री दयालशाह यांनी उभारलेले आदिनाथांचे मंदिर, ही येथील मुख्य स्थळे. याच जिल्ह्यातील केलवा येथे 1760 मध्ये आचार्य भिक्षूंनी तेरापंथाची स्थापना केली. मेवाडातून मुंबई-पुण्याकडे व्यापारासाठी आलेल्या अनेक घराण्यांना ही वाट पाठ आहे. पिपलांत्रीकडे वळणारा रस्ता मात्र त्यांच्या यादीत सहसा नसतो.

संगमरवराने या भागाला पैसा दिला आणि पाणी नेले. पिपलांत्रीच्या भोवतीही खाणी. खोदाईचा राडारोडा टेकड्यांवर साचला, झाडे गेली, विहिरी खोल गेल्या. श्यामसुंदर पालीवाल 2005 मध्ये गावाचे सरपंच झाले, तेव्हा गावाची अवस्था ही होती. पुढे त्यांची तरुण मुलगी किरण अकाली गेली. तिच्या स्मरणार्थ झाड लावताना त्यांना सुचले ते गावाने उचलून धरले: मुलगी जन्मली की तिच्या नावे 111 झाडे लावायची. शिवाय गावकरी वर्गणी काढतात, आईवडील आपला वाटा घालतात आणि ती रक्कम मुलीच्या नावे मुदत ठेवीत जाते. कायद्याने ठरलेल्या वयाआधी तिचे लग्न करणार नाही, तिला शिकवू आणि झाडे जगवू, असे आईवडिलांकडून लिहून घेतले जाते. ज्या मुलखात मुलीच्या जन्माने घरावर अवकळा येई, तेथे हे घडावे, हे लहान काम नव्हे. पालीवाल यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.

झाडे लावणे सोपे, वाळवीपासून वाचवणे कठीण. म्हणून गावाने झाडांच्या भोवती कोरफड लावली. तिला पाणी थोडे पुरते. मांसल पानांत ती स्वतःचा साठा स्वतःच करते, आणि बुंध्याशी पिले फुटत एका रोपाची ताटी होते. झाडांच्या राखणीसाठी आलेली ही वनस्पती पुढे विकाऊ ठरली. गावातील स्त्रिया तिच्यापासून रस, गर, लोणचे तयार करू लागल्या आणि घरात त्यांच्या हाताचा पैसा येऊ लागला.

आयुर्वेदात कोरफडीचे नाव कुमारी. कुमारी-आसव वैद्यांच्या नित्य वापरातले. पान कापताच सालीलगत झिरपणारा पिवळा कडू चीक आटवून काळा बोळ होतो. तो तीव्र रेचक, म्हणून गर्भवतीला वर्ज्य. आतला पारदर्शक गर निराळा. तो भाजलेल्या त्वचेवर थंडावा देतो. बाटलीत काय उतरले आहे, गर की चीक, हे घेणाऱ्याने विचारलेच पाहिजे.

श्रावकाच्या घरी आणखी एक प्रश्न उभा राहतो. श्वेतांबर परंपरेतील बत्तीस अनंतकायांच्या यादीत सुरण, आले, लसूण, गुळवेल यांच्यासोबत कुमारीचेही नाव आहे. मारवाडात ग्वारपाठ्याची भाजी घरोघरी शिजते. व्रतस्थ घरातील चुलीवर ती चढत नाही. औषध म्हणून काय घ्यावे आणि काय नाही, हे अशा घरी साधुसाध्वींना विचारून ठरते. तेव्हा पिपलांत्रीहून परतणाऱ्या जैन कुटुंबाच्या पिशवीत रसाची बाटली बहुधा नसेल. पण ज्यांच्या पेढीवर संगमरवराची बिले फाटतात, त्यांनी तरी हा फाटा एकदा घ्यावा. रक्षाबंधनाच्या सुमारास गेल्यास येथील मुली आपापल्या झाडांना राखी बांधताना दिसतात; बुंध्याशी कोरफडीची काटेरी कडांची पाने दाटलेली असतात, त्यामुळे दोरा गुंडाळताना परकर सावरावा लागतो.